रंगाखालचं लोखंड

अंकाच्या संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, ‘दुकानातल्या गोड आठवणी पाठवा.’ गोड आठवणी माझ्याकडे आहेत, पण त्या मी दरवर्षी चकल्यांबरोबर पार्सलने कॅनडाला नातवंडांना पाठवते. इथे मी रागाची गोष्ट लिहिणार आहे. रेवा आणि ईशान, ती तुमच्यासाठीच आहे. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशान म्हणाला, “आजी, बॅटरी विकायला एवढं काय लागतं? जुनी काढायची, नवी बसवायची.” मी तेव्हा हसले, पण फोन ठेवल्यावर दिवसभर माझं डोकं तापलेलं होतं. तुझ्यावर नाही रे बाळा. त्या वाक्यावर. ते वाक्य मी आयुष्यभर ऐकलं, आणि एकदा त्याच वाक्यावर मी स्वतः सही केली.

तर आधी धंदा समजून घ्या. आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान द्वारका चौकाजवळ. हायवेवरचे ट्रक, मालेगावचे टेम्पो, शहरातल्या रिक्षा. ज्याचं इंजिन किल्ली फिरवून सेल मारल्यावर उठत नाही तो आमचं गिऱ्हाईक. दुकान तुमच्या आजोबांनी काढलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा इंग्रजीतून केलेली. लग्नानंतर गल्ल्यावर बसायला म्हणून आले आणि दोन महिन्यांत मीटर हातात घेतला. मालेगावचे रफीकभाई पहिल्यांदा ट्रक घेऊन आले तेव्हा मला बघून म्हणाले, “बाई, मालकांना बोलवा. हे लेडीजचं काम नाही.” मी म्हटलं, “मालक जेवायला गेलेत. तोवर तुमची गाडी ढकलत घरी न्या, मग ढकलत परत आणा.” पुढे हेच रफीकभाई आजोबा समोर उभे असले तरी रस्त्यावरून ओरडायचे, “दादा, तुम्ही राहू द्या. ताई कुठंयत?” आजोबांना ते कधी लागलं नाही. चहा मात्र ते स्वतःला एक कप जास्त मागवायचे.

आता बॅटरी. आपल्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. समजा टाकी काठोकाठ भरलेली आहे, पण खाली नळाला करंगळीएवढी धार येतेय. शहाणा माणूस टाकी बदलत नाही. पाइपात गाळ कुठे साचलाय ते शोधतो. पण हाच शहाणा माणूस, इंजिन सुरू झालं नाही की छातीवर हात ठेवून सांगतो, “बॅटरी गेली, नवी टाका.” बॅटरीपासून इंजिनाला फिरवून उठवणाऱ्या स्टार्टरपर्यंत वायर असते, मध्ये स्विच असतो, नट असतात. आणि करंट नुसता जात नाही, परतही यावा लागतो. जायची वाट पॉझिटिव्हची, यायची निगेटिव्हची. परतीची वाट इंजिनाच्या लोखंडातूनच असते, म्हणून कुणाला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून कुणी बघत नाही.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: आधी गाडी पाहा, मग बोला. चाळीस वर्षं मी हा नियम पाळला. दुकानात नुसती बॅटरी उचलून आणणाऱ्याला मी परत पाठवायची. लोक चिडायचे. “अहो ताई, डॉक्टर तरी एवढे नखरे करत नाहीत,” एक रिक्षावाला म्हणाला होता. मी म्हटलं, “डॉक्टरकडे तू पेशंट घरी ठेवून नुसता पाय पाठवतोस का?”

तर हा नियम मोडला गेला तो असा.

शहराबाहेर धरणाच्या पाण्यावर सहलीच्या बोटी चालतात, ठेका खासगी आहे. त्यातली एक मोठी लाँच, पंचवीस माणसांची, डिझेल इंजिनाची. चालवणारा पुंजाराम, देवळ्याकडचा. आधी कांद्याचे ट्रॅक्टर चालवायचा. बोटीवर आला तेव्हा पाण्याला घाबरायचा, आणि नंतर असा जडला की लाँचला ‘माझी म्हैस’ म्हणायला लागला. मी त्याला दुकानात एकदोनदाच पाहिलं होतं, भोंग्याच्या वायरी न्यायला आलेला.

अशा बोटीवर दोन बॅटऱ्या असतात. आपल्या घरी गॅसचे दोन सिलिंडर असतात तसं. एक नंबरची फक्त इंजिन उठवायला. दोन नंबरची दिवे, पाणी उपसायचा पंप, भोंगा आणि गाण्यांच्या स्पीकरला. मध्ये एक गोल स्विच: एक, दोन, दोन्ही, बंद. कारण सरळ आहे. गाणी वाजवून एक बॅटरी उतरली तरी दुसरीनं इंजिन उठलं पाहिजे. रस्त्यावर गाडी बंद पडली तर माणूस उतरून धक्का मारतो. पाण्यात कुठे उतरणार?

त्या वर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी त्या ठेकेदाराच्या मॅनेजरने रिक्षातून एक बॅटरी पाठवली. लाँच नीट उठत नाही, तपासा आणि लेखी द्या. बॅटरी बाकावर ठेवली, मीटर लावला, लोड देऊन पाहिली. पूर्ण उतरलेली. “बोट पाहायला येते,” मी फोनवर म्हटलं. मॅनेजर म्हणाला, “ताई, बोटीला काही झालेलं नाही हो. ड्रायव्हर दिवसभर गाणी लावतो, बॅटरी बसते. तुम्ही तेवढं लिहा.”

रेवा, ईशान, त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही येणार होतात. तीन वर्षांनी. भाजणी भिजवायची होती, गाद्या उन्हात होत्या. मी घड्याळाकडे पाहिलं आणि दुकानाच्या लेटरहेडवर लिहिलं: ‘बॅटरी पूर्ण उतरलेली आहे. इंजिन बंद असताना वापर झाल्यामुळे असे होण्याची शक्यता.’ सही केली. ‘शक्यता’ हा शब्द घातला की आपण खोटं बोललो नाही असं शिकलेल्या माणसाला वाटतं. हे मी तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. तुमचा यात काही दोष नाही. दोष घड्याळाचाही नाही.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी पुंजाराम दुकानात आला. खिशातून घडी केलेला कागद काढला, काउंटरवर पसरला आणि तळहाताने सरळ केला. माझ्या कागदाची झेरॉक्स होती.

“ताई, हे तुमी लिवलं?”

“हो.”

“बोट कधी बघितली तुमी?”

मी कागदावरच्या माझ्या सहीकडे पाहिलं.

“नाही पाहिली,” मी म्हटलं.

“मंग हे कसं लिवलं?”

मी त्याला स्टूल दिलं. तो बसला नाही. उभ्यानेच त्याने झालेलं सांगितलं. दिवाळीत नवी बॅटरी आली, चार दिवस बरं चाललं, मग परत तेच. सेल मारला की इंजिन कण्हायचं. नाताळच्या सुट्टीत लाँच भरून माणसं होती. मधोमध नेऊन पक्षी दाखवायला त्याने इंजिन बंद केलं आणि मग ते उठेना. एकवर स्विच, दोनवर स्विच, दोन्हीवर. नाही. वारा सुटला आणि लाँच आडवी होऊन काठच्या खडकांकडे जायला लागली. बायका रडायला लागल्या. दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढून आणली म्हणून खडकाला नुसतं घासण्यावर निभावलं. त्या दिवसापासून त्याला बोटीवरून उतरवलं होतं आणि फाटकावर तिकिटं फाडायला बसवलं होतं.

“सोमवारी ठेकेदार शेठ येत्यात. मला काढायचं ठरलंय. मॅनेजर हा कागद दावतो समद्यांना. बघा म्हणे, इंजिनेर बाईंनी लिवून दिलंय.” मग त्याचा आवाज चढला. “गाणी लावतो मी, खोटं कशाला बोलू? लेकरं बसत्यात, त्यांना लागत्यात. पण दोन नंबरवर लावतो. एक नंबरला मी देवाच्या दिव्यावानी जपतो. चोर म्हणले असते तर ऐकून घेतलं असतं, ताई. म्हणत्यात, ह्यानं बोट मारली. मी मारीन व्हय? मनी म्हैस शे ती!”

रागात तो त्याच्या घरच्या अहिराणीवर गेला होता. मला त्याचा राग बरा वाटला. तो रडला असता तर मला तोंड लपवायला जागा मिळाली नसती.

“इंजिन कण्हायला लागलं कधीपासून?” मी विचारलं.

“दसऱ्यापासून.”

“मॅनेजरला सांगितलं होतंस?”

“रोज. ते म्हणत्यात, तू आधी गाणी बंद कर.”

हा एक प्रश्न मी ऑक्टोबरात विचारायचा होता. एक प्रश्न! त्याला बोट पाहायलाही लागत नव्हती, नुसता फोन लागत होता. मला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

शनिवारी सकाळी मी रिक्षात मीटर, पाने, पॉलिश पेपर आणि दुकानातली एक पूर्ण चार्ज केलेली बॅटरी टाकली आणि धरणावर गेले. मॅनेजर खुर्ची सोडून धावत आला. “ताई, तुम्ही कशाला त्रास घेतला? तुमचा रिपोर्ट आहे की आमच्याकडे.”

“तोच परत घ्यायला आलेय.”

“असं कसं? शेठनी त्यावर निर्णय घेतलाय.”

“निर्णय कागदावर घेतलाय. बोटीवर घ्यायचा राहिलाय. पुंजारामला बोलवा.”

“तो आता बोटीवर चढत नाही.”

“मग तुम्ही सेल मारा. मी मीटर धरणार, गुडघ्यामुळे मला दोन्हीकडे वाकता येत नाही.” मॅनेजरने पांढऱ्या पॅन्टकडे पाहिलं आणि पुंजारामला हाक मारली.

तपासणी कशी केली ते सांगते. त्यात जादू काही नाही, फक्त क्रम आहे. माझी चांगली बॅटरी एक नंबरला जोडली. शांत असताना साडेबारा व्होल्टच्या वर. पण निजलेल्या माणसाचा दम मोजून काही कळत नाही, त्याला जिना चढायला लावावा लागतो. पुंजारामला म्हटलं, “मार सेल.” इंजिन तसंच कण्हलं. त्या क्षणी बॅटरीच्या टोकांवर मीटरने साडेअकराच्या आसपास दाखवलं. म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग मीटरची टोकं स्टार्टरवर लावली. “परत मार.” साडेसातच. म्हणजे बॅटरीतून निघालेले चारएक व्होल्ट वाटेतच कुठेतरी खर्ची पडत होते.

“स्विच खराब असेल,” मॅनेजर म्हणाला. त्याला आता रस वाटायला लागला होता. जायच्या वाटेवर, स्विच धरून, मोजलं. नगण्य. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला लावलं. इथे काटा हलायलाच नको. पुंजारामने सेल मारला आणि साडेतीनच्या वर गेला. चोर परतीच्या वाटेवर होता.

निगेटिव्हची जाड वायर इंजिनाला जिथे बोल्टने आवळली होती तिथे मी बोट लावलं. चटका बसला. आणि बघायला म्हणाल तर अख्ख्या बोटीत ती सगळ्यात सुंदर जागा होती. गंज नाही, मळ नाही, चकचकीत निळं इंजिन, त्यावर कुंकवाचं वाळलेलं बोट.

“बघा किती स्वच्छ ठेवलंय आम्ही,” मॅनेजर म्हणाला.

मी पाना घेऊन नट सोडला. वायरचं टोक उचललं. त्याच्या खाली लोखंड नव्हतंच. निळा ऑइलपेंट होता, जाड, दोन हातांचा. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेवढी झिरपेल तेवढ्यावर ते बिचारं इंजिन उठायचा प्रयत्न करत होतं. आणि दोन्ही बॅटऱ्यांची परतीची वाट हीच, त्यामुळे स्विच एकवर फिरवा की दोनवर, फरक शून्य. शिवाय इंजिन चालू असताना बॅटऱ्या चार्ज होतात त्याही याच वाटेने, म्हणून त्या कधी पोटभर चार्ज होत नव्हत्या. दिवाळीआधी माझ्या बाकावर आलेली बॅटरी खरोखरच उतरलेली होती. ती उपाशी होती आणि मी लिहून दिलं होतं की तिला कुणी तरी लुटलंय.

पुंजाराम हळूच म्हणाला, “रंग म्याच दिला, ताई.”

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं-यंत्रं धुऊनपुसून पुजतात हे तुम्हाला माहीत आहे. आपल्या दुकानातही पान्यांना झेंडू वाहतात, तुम्ही फोटो पाहिलेत. त्या वर्षी मॅनेजरने सांगितलं होतं की शेठ पूजेला येणार, इंजिन नव्यासारखं दिसलं पाहिजे. पुंजारामने दोन दिवस खपून वायरी सोडल्या, इंजिन घासलं, रंगाचे दोन हात दिले आणि वाळल्यावर वायरी परत रंगावरच आवळल्या. “चांगल्या घट्ट आवळल्या हो,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. सैल ठेवल्या नाहीत, एवढाच त्याचा बचाव होता.

मॅनेजरने टाळी वाजवली. खरंच वाजवली. “झालं! म्हणजे चूक याचीच!”

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकावर मी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी माझा आवाज पलीकडच्या काठावर गेला असेल. “रंगाचा डबा तुम्ही दिलात. सोबत मिस्त्री दिलात का? रंगाखाली काय असतं हे त्याला कुणी सांगितलं होतं? दसऱ्यापासून तो रोज तुम्हाला सांगतोय, इंजिन कण्हतंय. ऐकलंत एकदा तरी?”

“तो रोजच काही ना काही सांगतो हो, ताई.”

“मग रोज ऐकायचं! पंचवीस माणसं खडकावर गेली असती. गाणी म्हणे! गाण्याने इंजिन बंद पडत नाही, न ऐकण्याने पडतं.”

ओरडता ओरडता माझ्या लक्षात आलं की यातलं निम्मं मी स्वतःला ऐकवतेय. मॅनेजरने बोट पाहिली नाही, ती त्याला कळतच नाही. मला कळते. मी पाहिली नाही.

रंग घासला. रुपयाएवढं गोल, पांढरं, नागडं लोखंड निघालं. वायर आवळली, वरून ग्रीस लावलं. पुंजारामकडे पाहून मान हलवली. त्याने सेल मारला आणि इंजिन पहिल्याच झटक्याला असं उठलं की काठावरचे बगळे उडाले.

तिथेच मॅनेजरच्या टेबलावर बसून मी दुसरा कागद लिहिला. पहिली ओळ अशी: ‘माझा याआधीचा अहवाल चुकीचा आहे, तो मी बोट न पाहता दिला होता.’ मग तपासणी, आकडे, कारण. शेवटी: ‘यात बोटचालकाने बॅटरीचा गैरवापर केल्याचे दिसत नाही. यंत्राला रंग देण्याचे काम जाणकार देखरेखीशिवाय करून घेतले गेले.’

मॅनेजरने वाचलं. “ताई, पहिली ओळ तेवढी गाळा. तुमचंच नाव खराब होईल.”

“तीच ओळ खरी आहे. बाकी सगळं तिच्यामुळे लिहावं लागलंय.”

सोमवारी मी परत गेले, कागद शेठच्या हातात दिला आणि त्यांनी तो वाचेपर्यंत समोर उभी राहिले. पुंजारामला बोटीवर परत घेतलं. पण शेठना कुणावर तरी राग काढायचाच होता. त्यांनी स्पीकर बंद करायला सांगितला. लाँचवर पाटी लागली: ‘गाणी लावण्यास सक्त मनाई.’ आणि माझा पहिला कागद? तो मी मागितला. मॅनेजर म्हणाला, “रेकॉर्ड आहे, ताई. फाइलमधून काढता येत नाही.” तो अजून तिथे आहे, माझ्या सहीसकट. या गोष्टीने मला अजूनही, भाजी निवडता निवडता सुद्धा, संताप येतो.

पुढच्या दसऱ्याला पुंजारामचा फोन आला. “ताई, रंग दिलाय. बघायला या.” मी गेले. इंजिन पुन्हा निळं चकचकीत. फक्त त्या बोल्टभोवती रुपयाएवढी जागा त्याने कोरी ठेवली होती आणि कुंकवाचं बोट शेजारी, रंगावर लावलं होतं. आम्ही फेरी मारली. इंजिन मस्त चालत होतं. लाँचमध्ये शाळेतली मुलं होती आणि ती गप्प बसली होती, दवाखान्यात बसतात तशी.

“गाणं लाव,” मी म्हटलं.

“नको, ताई. पाटी हाय.”

“शेठशी मी बोलते.”

“बोलून काय व्हतं? इथं लिवलेलं चालतं.” तो हे हसत म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

मी पर्समधून लेटरहेड काढलं. मी नेहमी दोन जवळ ठेवते. मांडीवर वही ठेवून लिहिलं: ‘दोन नंबरच्या बॅटरीवर गाणी वाजवल्याने इंजिन सुरू होण्यास कोणताही अडथळा येत नाही.’ सही केली. मग थांबले, आणि सहीच्या खाली आणखी एक ओळ लिहिली.

तो कागद शेठनी मान्य केला, मला दोनदा जावं लागलं. पाटी निघाली. पुंजारामने कागद प्लास्टिकमध्ये घालून स्पीकरच्या वर चिकटवलाय. या दिवाळीत आलात की तुम्हाला त्या लाँचमध्ये बसवते. गाणं कुठलं लावायचं ते पुंजारामला सांगा. आणि ईशान, तू माझं अक्षर वाचायला शिकतोयस ना? तो कागद वाच. सहीखालची ओळ मोठ्याने वाच: ‘हे मी बोट स्वतः पाहून लिहिले आहे.’